न्यूयॉर्कचे फ्रिक कलेक्शन : भेटीपूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आई-वडील, सासू-सासरे येतात. स्वातंत्र्यदेवता, टाइम्स स्क्वेअर आणि मेट्रोपॉलिटन संग्रहालय पाहून झाले की 'आता कुठे न्यायचे?' हा प्रश्न उभा राहतो. मी अशा अनेकांना फ्रिक कलेक्शन पाहण्याचा आग्रह केला आहे आणि काहींना स्वतः घेऊनही गेले आहे. त्या निमित्ताने लोकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

फ्रिक कलेक्शन म्हणजे नेमके काय?

मॅनहॅटनमध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि ७०वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर, सेंट्रल पार्कच्या अगदी समोर, फिकट रंगाच्या चुनखडीच्या दगडात बांधलेला एक भव्य वाडा आहे. हेन्री क्ले फ्रिक या उद्योगपतीने तो १९१३-१४ च्या सुमारास स्वतःच्या कुटुंबासाठी बांधला. वास्तुविशारद होते टॉमस हेस्टिंग्ज. बेचाळिसाव्या रस्त्यावरचे, दाराशी संगमरवरी सिंह असलेले न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय ज्या दोघा भागीदारांनी उभारले, त्यांपैकी ते एक. फ्रिक १९१९ साली वारले. घर आणि घरातला कलासंग्रह लोकांसाठी खुला व्हावा, मात्र पत्नी हयात असेपर्यंत तिने तेथेच राहावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते आणि खर्चासाठी दीड कोटी डॉलरचा निधीही मागे ठेवला होता. पत्नी अ‍ॅडलेड १९३१ साली निवर्तल्या, त्यानंतर जॉन रसेल पोप या वास्तुविशारदाने घराचे संग्रहालयात रूपांतर केले आणि १६ डिसेंबर १९३५ रोजी त्याचे दरवाजे लोकांसाठी उघडले.

हे संग्रहालय सरकारी नाही. ते विश्वस्त मंडळाच्या हाती असलेली खासगी संस्था आहे. एका माणसाच्या आवडीने जमलेल्या वस्तू त्याच्याच घरात पाहायला मिळणे ही त्याची खरी ओळख आहे, आणि येथे काय पाहावे, कसे पाहावे, नियम असे का आहेत या पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या एका गोष्टीतून निघतात.

हे हेन्री क्ले फ्रिक कोण होते? त्यांच्याविषयी वाईटही ऐकले आहे.

ऐकले आहे ते खरे आहे, आणि ते जाणूनच तेथे जावे असे मला वाटते.

फ्रिक यांचा जन्म १८४९ साली पेनसिल्व्हेनियातील वेस्ट ओव्हर्टन या गावी झाला. पोलादाच्या भट्ट्यांना दगडी कोळशापासून बनवलेला कोक लागतो. तो पुरवण्याच्या धंद्यात त्यांनी तरुणपणीच मोठा पैसा मिळवला आणि पुढे अँड्र्यू कार्नेगी यांच्या पोलाद कंपनीचा कारभार त्यांच्या हाती आला. १८९२ साली पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड येथील कारखान्यात मजुरीवरून तंटा झाला तेव्हा कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होते आणि निर्णय फ्रिक यांचे होते. त्यांनी कारखान्याला टाळे लावले आणि पिंकर्टन संस्थेचे सुमारे ३०० सशस्त्र पहारेकरी नदीमार्गे आणवले. ६ जुलै रोजी झालेल्या चकमकीत दोन्ही बाजूंची माणसे मेली. अखेर कामगारांची संघटना मोडली गेली आणि पोलाद उद्योगात ती पुढे कित्येक वर्षे डोके वर काढू शकली नाही. त्याच महिन्याच्या २३ तारखेला अलेक्झांडर बर्कमन या अराज्यवादी तरुणाने फ्रिक यांच्यावर त्यांच्या कार्यालयात शिरून गोळ्या झाडल्या आणि त्यांना भोसकलेही, ते वाचले. आदल्या वर्षी त्यांची सहा वर्षांचीही न झालेली मुलगी मार्था गेली होती, आणि त्या उन्हाळ्यात नुकताच जन्मलेला मुलगाही गेला.

एका भेटीत माझ्याबरोबर एक निवृत्त गिरणी कामगार होते. गिरणगावातला संप त्यांनी अनुभवलेला होता. होमस्टेडची हकिकत ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर रेम्ब्रांटच्या चित्रासमोर उभे राहून म्हणाले, "पैसा कुठून आला ते विसरायचं नाही, आणि हेही बघायचं सोडायचं नाही." या संग्रहाकडे पाहण्याची याहून योग्य रीत मला अजून सापडलेली नाही.

न्यू जर्सीहून तेथे कसे जावे?

एडिसन, मेट्रोपार्क किंवा प्रिन्स्टनच्या बाजूने येणाऱ्यांनी न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीने न्यूयॉर्क पेन स्टेशनला उतरावे. तेथून ई मार्गाची भुयारी रेल्वे घेऊन लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू–५३वा रस्ता या स्थानकावर यावे, त्याच स्थानकात वर ५१व्या रस्त्याच्या फलाटावर जाऊन उत्तरेकडे जाणारी ६ क्रमांकाची गाडी पकडावी आणि ६८वा रस्ता–हंटर कॉलेज येथे उतरावे. बसने पोर्ट अथॉरिटीला येणाऱ्यांनाही हाच ई मार्ग सोयीचा पडतो. स्थानकातून बाहेर आल्यावर पश्चिमेकडे, म्हणजे सेंट्रल पार्कच्या दिशेने, पार्क आणि मॅडिसन हे दोन अ‍ॅव्हेन्यू ओलांडून ७०व्या रस्त्यावर यावे; हळू चालणाऱ्यालाही दहा-बारा मिनिटे पुरतात.

ज्येष्ठांना भुयारी रेल्वेतील जिने नकोसे वाटत असतील तर पेन स्टेशनजवळून सुटणारी एम४ बस उत्तम. ती मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरून उत्तरेकडे जाते, वेळ जास्त घेते, पण खिडकीतून शहर दिसते. परतताना तीच बस फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून दक्षिणेकडे येते. संग्रहालयाचे प्रवेशद्वार ७०व्या रस्त्यावर आहे. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला हिरवळ आणि मॅग्नोलियाची झाडे आहेत, तेथे दार शोधत फिरू नये.

तिकीट किती, आणि ते आधी काढावे लागते का?

नूतनीकरणानंतर २०२५ साली संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा प्रौढांसाठी ३० डॉलर, ज्येष्ठांसाठी २२ आणि विद्यार्थ्यांसाठी १७ डॉलर असे दर होते. १० ते १८ वर्षांच्या मुलांना प्रवेश विनामूल्य. बुधवारी दुपारी आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम देऊन आत जाण्याची सोयही ठेवलेली आहे. रुपयांत हिशेब केला की ३० डॉलर जड वाटतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून बुधवारची दुपार साधावी असे मी आवर्जून सांगते. तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि ते ऑनलाइन आधीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे, कारण खोल्या लहान असल्यामुळे एका वेळी ठरावीक लोकांनाच आत सोडतात. मंगळवारी संग्रहालय बंद असते. दर आणि वेळा बदलत असल्याने निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्यावी.

लहान मुलांना नेता येते का?

दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. या नियमाने अनेक मराठी कुटुंबांची पंचाईत होते, कारण नातवंडाला सोडून आजी-आजोबा कोठे जात नाहीत. कडेवरचे तान्हे मूलही चालत नाही, आणि दारात जाऊन विनंती केल्याने हा नियम शिथिल होत नाही. तेव्हा प्रयत्न करून मन खट्टू करून घेऊ नये. नियमामागचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. आत शतकानुशतके जुने फर्निचर, चिनी मातीची भांडी, कासे धातूच्या लहान मूर्ती खुल्या ठेवलेल्या आहेत. काचेच्या पेट्या आणि दोऱ्या शक्य तितक्या टाळलेल्या आहेत, म्हणूनच ते घर घरासारखे राहिले आहे. घरी लहान मूल असेल तर आई-वडिलांपैकी एकाने त्याला सेंट्रल पार्कमध्ये खेळवावे आणि नंतर अदलाबदल करावी, हा आमच्याकडे रुळलेला उपाय आहे.

वयस्कर मंडळींना झेपेल का?

मेट्रोपॉलिटनपेक्षा कितीतरी सहज झेपते. सगळे घर दोन तासांत नीट पाहून होते. नूतनीकरणात प्रवेशद्वारापाशी पायऱ्या टाळून जाण्याची सोय झाली आणि वरच्या मजल्यासाठी लिफ्ट आहे, त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरूनही पाहता येते. मधोमध काचेच्या छताचा चौक आहे. फ्रिक यांच्या काळी तेथे गाड्या येऊन थांबत. पोप यांनी त्यावर छत घालून दुहेरी खांबांच्या रांगा, हौद आणि कारंजे केले. आपल्याकडच्या वाड्यातला चौक ज्यांना आठवतो, ते तेथे पाऊल टाकताच ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे थबकतात. गुडघे दुखू लागले की तेथल्या बाकावर पाण्याचा आवाज ऐकत बसावे; दालनांत बसायच्या जागा फारशा नाहीत.

जाड कोट, पाठीवरच्या पिशव्या आणि छत्र्या प्रवेशद्वाराजवळ ठेवायला द्याव्या लागतात. औषधे आणि चष्मा लहान पर्समध्ये वेगळा काढून ठेवावा.

फोटो काढता येतात का?

दालनांत नाही. सुरुवातीला नाराजी होते, पण फोन खिशात गेल्यामुळे जी शांतता मिळते ती दुसऱ्या संग्रहालयांत क्वचितच अनुभवाला येते.

चित्रांशेजारी माहिती लिहिलेली नसते, असे ऐकले. मग कळायचे कसे?

हे खरे आहे. चौकटीवर चित्रकाराचे नाव आणि जेमतेम एखादी ओळ असते. भिंतीवर परिच्छेद चिकटवलेले नाहीत, कारण घरात कोणी भिंतींवर माहितीफलक लावत नाही. ब्लूमबर्ग कनेक्ट्स नावाच्या मोफत अ‍ॅपवर संग्रहालयाची ध्वनिमाहिती इंग्रजीत उपलब्ध आहे. ते आधीच फोनवर उतरवून घ्यावे आणि ऐकण्यासाठी इयरफोन बरोबर ठेवावेत.

तरीही माझी विनंती अशी की पहिली फेरी काहीही न ऐकता मारावी. फलक असले की माणूस फलक वाचतो, मग चित्राकडे एक नजर टाकतो आणि पुढे सरकतो. फलक नसले की त्याला चित्राशीच उभे राहावे लागते. माझ्या सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे इतर संग्रहालयांत त्या अवघडून आमच्या मागे-मागे चालत. येथे मात्र सगळे पाहणारे एकाच पातळीवर आले, आणि त्या दिवशी त्यांनी दाखवलेल्या गोष्टी आम्हाला कोणालाच दिसल्या नव्हत्या.

वेळ थोडा असेल तर काय चुकवू नये?

एका तासात सगळे पाहण्याचा हट्ट न धरता दोन दालने नीट पाहावीत.

पहिले म्हणजे दिवाणखाना. फ्रिक यांच्या हयातीत तेथे ज्या चित्रांची जशी मांडणी होती तशीच ती बव्हंशी आजही आहे. भिंतीतल्या शेकोटीच्या वर एल ग्रेकोचा संत जेरोम आहे, आणि त्याच्या दोन बाजूंना जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन याची दोन व्यक्तिचित्रे आहेत : डावीकडे १५२७ सालचे टॉमस मोर यांचे आणि उजवीकडे टॉमस क्रॉमवेल यांचे. दोघेही इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे सत्ताधारी मंत्री. पोपशी नाते तोडून राजालाच धर्माचा प्रमुख मानावे, ही गोष्ट मोर यांनी मान्य केली नाही म्हणून १५३५ साली त्यांचे शिर उडवले गेले. ती सारी व्यवस्था घडवून आणणारे क्रॉमवेल यांचीही पाच वर्षांनी त्याच राजाच्या हुकमाने तीच गत झाली. चारशे वर्षांनंतर एका अमेरिकन माणसाने त्या दोघांना आपल्या शेकोटीच्या दोन बाजूंना समोरासमोर आणून बसवले. मोर यांच्या बाहीचे लाल मखमल पाहावे आणि हनुवटीवरचे वाढू लागलेले खुंट पाहावेत. काल रात्री झोप झाली नसावी असा तो चेहरा आहे. क्रॉमवेल यांचे डोळे लहान आहेत, ओठ घट्ट आहेत आणि हातात कागद आहे.

त्यांच्यासमोरच्या भिंतीवर व्हेनिसच्या जोव्हान्नी बेल्लिनी याने सुमारे १४७५ ते १४८० च्या दरम्यान रंगवलेला संत फ्रान्सिस आहे. या घरातले सर्वांत मोठे धन कोणते असे विचारले तर मी याच चित्राकडे बोट दाखवीन. त्याविषयी पुढच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

दुसरे म्हणजे पश्चिमेकडचे लांबलचक दालन. त्याला छतातून उजेड येतो. तेथे रेम्ब्रांटचे १६५८ सालचे स्वतःचे चित्र आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे दिवाळे निघाले होते, घरातले सामान लिलावात गेले होते, आणि या माणसाने स्वतःला सोनेरी पिवळ्या वस्त्रांत, हातात काठी घेतलेल्या एखाद्या राजासारखे बसवले. हात मोठे आणि जड आहेत, चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, आणि नजर पाहणाऱ्याला सोडत नाही. जवळच पाहण्यासारखा आहे वेलाझ्केझने १६४४ साली रंगवलेला स्पेनचा राजा चौथा फिलिप. त्याच्या अंगरख्यावरची चांदीची जर पाच पावलांवरून लखलखते आणि अगदी जवळ गेल्यावर नुसते रंगाचे फटकारे उरतात. पुढे सरकून आणि मागे येऊन हे तीन-चार वेळा करून पाहावे, म्हणजे पैठणीच्या पदराकडे उजेडात पाहणाऱ्यांना त्यातली गंमत विशेष कळेल.

व्हर्मीरची चित्रे येथेच आहेत ना?

होय, तीन आहेत. योहानेस व्हर्मीरच्या नावावर आज जगात सुमारे ३७ चित्रे आहेत, त्यांतली तीन एका घरात असणे ही मोठी गोष्ट आहे. मेट्रोपॉलिटनमध्ये पाच आहेत, म्हणजे एकाच दिवसात आठ पाहता येतात. तिन्हींत माझे लक्ष नेहमी मालकीण आणि दासी यांच्या चित्रावर खिळते. पिवळ्या रेशमी, केसाळ किनारीच्या जाकिटातली बाई लिहिता लिहिता थांबली आहे, दासीने चिठ्ठी पुढे केली आहे, आणि बाईची बोटे हनुवटीशी गेली आहेत. चिठ्ठीत काय आहे ते कधीच कळणार नाही. फ्रिक यांनी मृत्यूच्याच वर्षी, १९१९ साली, विकत घेतलेले हे शेवटचे चित्र.

ख्रिस्ती कथा आणि युरोपचा इतिहास ठाऊक नसेल तर ही चित्रे समजतात का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आणि बहुधा संकोचाने विचारला जातो. संकोच करण्याचे काहीच कारण नाही. थोडी कथा आधी घरीच सांगावी आणि बाकीचे काम चित्रावर सोपवावे.

संत फ्रान्सिसचेच उदाहरण घेऊ. इटलीतल्या असिसी गावच्या श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा. घरदार आणि पैसा सोडून त्याने दारिद्र्य पत्करले, पशुपक्ष्यांना भाऊ-बहीण मानले. १२२४ साली ला व्हेर्ना नावाच्या डोंगरावर एकांतात असताना, येशूला क्रुसावर झालेल्या जखमा त्याच्या हातापायांवर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. एवढे सांगितले की पुरे. देहूजवळचा भंडारा डोंगर चढून गेलेल्या माणसाला डोंगरावर जाऊन बसणारा संत समजावून सांगावा लागत नाही.

आता चित्र पाहू. इतर चित्रकारांनी हा प्रसंग रंगवताना आकाशात पंख असलेली देवदूताची आकृती आणि तिच्यापासून निघून जखमांपर्यंत येणारे किरण दाखवले. बेल्लिनीने त्यांतले काहीच ठेवले नाही. फ्रान्सिस आपल्या गुहेबाहेर अनवाणी उभा आहे, हात किंचित पसरलेले, चेहरा वर डावीकडे वळलेला, आणि त्या बाजूने नुसता उजेड येतो आहे. वर डाव्या कोपऱ्यातले झाड त्या उजेडाकडे झुकले आहे. तळहातावरची खूण इतकी बारीक आहे की शोधावी लागते. मागे वेलींच्या मांडवाखाली त्याचे लिहिण्याचे मेज, मेजावर कवटी, आणि काढून ठेवलेली पादत्राणे आहेत. मधल्या माळावर गाढव स्तब्ध उभे आहे, जवळच एक बगळा आहे, दूर मेंढपाळ आपला कळप घेऊन चालला आहे, त्याहून मागे तटबंदीचे शहर आहे. आणि फ्रान्सिसच्या उजव्या हाताजवळ दगडी भिंतीच्या फटीतून एक ससा डोके बाहेर काढून पाहतो आहे. तो ससा माझ्या सासूबाईंना सर्वांत आधी दिसला. "पादत्राणं काढून ठेवलीत, म्हणजे देवासमोर उभा आहे," हेही त्यांनीच सांगितले. तज्ज्ञांनी या चित्रावर पुष्कळ लिहिले आहे. त्या दोन वाक्यांनी मला जे दिले ते वेगळेच होते.

उलट अडचण येते ती फ्रागोनार्डच्या दालनात. प्रेमाच्या निरनिराळ्या पायऱ्या दाखवणारी ही मोठी चित्रे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची प्रेयसी मादाम द्यू बारी हिच्या क्रीडागृहासाठी १७७१-७२ मध्ये रंगवली गेली, आणि तिने ती परत केली. चित्रकाराने ती अनेक वर्षे सांभाळली, पुढे आपल्या मूळ गावी ग्रास येथे नातलगाच्या घरी नेऊन लावली आणि त्यांत नव्या चित्रांची भर घातली. ज्येष्ठ मंडळींना हे दालन कधी कधी नुसते गोड वाटते. नाकारले गेलेले काम उराशी धरून बसलेल्या कलाकाराची गोष्ट सांगितली की त्यांची नजर बदलते.

२०२५ च्या नूतनीकरणात काय बदलले? पूर्वी पाहिले असेल तर पुन्हा जावे का?

जरूर जावे. संग्रहालय २०२० पासून बंद होते. मधल्या काळात, मार्च २०२१ ते मार्च २०२४, संग्रह मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील एका आधुनिक काँक्रीटच्या इमारतीत मांडलेला होता. अ‍ॅनाबेल सेल्डॉर्फ यांच्या वास्तुरचना संस्थेने केलेल्या कामानंतर १७ एप्रिल २०२५ रोजी मूळ घर पुन्हा उघडले.

सर्वांत मोठा बदल असा की वरचा मजला पहिल्यांदाच लोकांसाठी खुला झाला. १९३५ पासून तेथे कार्यालये होती आणि भव्य जिन्यापाशी दोरी बांधलेली असे. तिच्या पलीकडे पाहत मीही कित्येकदा उभी राहिले आहे. आता त्या जिन्याने वर जाऊन कुटुंबाच्या निजण्या-बसण्याच्या खोल्या पाहता येतात. मिसेस फ्रिक यांच्या बैठकीच्या खोलीतली बूशेची चित्रफलके १९३५ साली खाली आणून लावली होती, ती पुन्हा मूळ जागी गेली. अँग्र या फ्रेंच चित्रकाराने १८४५ साली पूर्ण केलेली निळ्या रेशमी पोशाखातली काउंटेस दोसोन्व्हील हीही आता वरच भेटते. आरशात तिची पाठ दिसते. खोल्या लहान असल्यामुळे चित्राच्या इतके जवळ जाता येते की श्वास रोखून उभे राहावेसे वाटते.

बदलात एक गोष्ट गेली, आणि तिची मला हळहळ वाटते. चौकाशेजारचे गोल घुमटाचे जुने संगीत दालन पाडून तेथे तात्पुरत्या प्रदर्शनांची जागा केली. नवे सभागृह जमिनीखाली बांधले आहे.

मेट्रोपॉलिटन आणि फ्रिक एकाच दिवशी करता येतील का?

पायी अंतर बारा रस्त्यांचे आहे, त्यामुळे शक्य आहे. पण मी तसे सुचवत नाही. करायचेच झाले तर फ्रिक सकाळी, डोळे ताजे असताना करावे आणि दुपारी मेट्रोपॉलिटनमधले एखादेच दालन पाहावे.

खाण्यापिण्याची सोय काय? डबा नेता येतो का?

आतमध्ये खाद्यपदार्थ चालत नाहीत. वरच्या मजल्यावर आता संग्रहालयाचे स्वतःचे उपाहारगृह आहे. त्याला वेस्टमोरलँड हे फ्रिक कुटुंबाच्या खासगी रेल्वे डब्याचे नाव दिले आहे. पण भाव त्या परिसराला साजेसे आहेत. पोळी-भाजीचा डबा आणला असेल तर रस्ता ओलांडून सेंट्रल पार्कमधल्या बाकावर बसून खावा, आणि मग आत जावे. उपाशीपोटी चित्रे पाहू नयेत. स्वस्त कॉफी आणि सँडविच लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर मिळते.

तेथे ग्रंथालयही आहे म्हणतात, ते कोणासाठी?

फ्रिक यांची मुलगी हेलन हिने वडिलांच्या स्मरणार्थ १९२० साली कलेच्या अभ्यासाचे ग्रंथालय सुरू केले, आणि त्याची सुरुवात या घराच्या तळघरातल्या बोलिंग खेळण्याच्या जागेत झाली. आज त्याची स्वतंत्र इमारत मागच्या बाजूला ७१व्या रस्त्यावर आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील कोणत्या वास्तूंवर बाँब टाकू नयेत याचे नकाशे तयार करण्याचे काम तज्ज्ञांनी तेथे बसून केले. कलेचा इतिहास शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी याचा लाभ अवश्य घ्यावा. संशोधनासाठी शुल्क नाही.

असे काही आपल्याकडे, महाराष्ट्रात आहे का?

भारतात परतल्यावर पुष्कळ जण हे विचारतात, आणि तेव्हा मी त्यांना पुण्याच्या बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जायला सांगते. दिनकर गंगाधर केळकर यांच्याकडे फ्रिक यांच्यासारखी संपत्ती नव्हती. गावोगाव हिंडून, घरोघरी माळ्यावर पडलेले अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुंकवाचे करंडे, वाद्ये आणि कोरीव दरवाजे त्यांनी जमवले, आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एकाने युरोपातल्या राजांच्या भिंतींवरचे आणले, दुसऱ्याने आपल्या आजीच्या हातातले वाचवले. दोन्ही ठिकाणी एका माणसाची नजर वस्तूवस्तूंतून जाणवते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय चित्रे आहेत, पण ती मोठ्या संग्रहालयात सामावली गेली. घर पाहायला मिळत नाही.

बागेत फिरता येते का?

नाही. ७०व्या रस्त्यालगतची बाग रसेल पेज या इंग्रज उद्यानरचनाकाराने १९७७ साली केली ती पाहण्यासाठी, चालण्यासाठी नव्हे. २०१४ साली विस्तारासाठी ही बाग काढून टाकण्याची योजना जाहीर झाली तेव्हा शहरातल्या लोकांनी जोरदार विरोध केला आणि पुढच्या वर्षी ती योजना मागे घ्यावी लागली; म्हणूनच नवे सभागृह बागेच्या पोटात, जमिनीखाली गेले. बाग पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. दहा वर्षांखालच्या नातवंडालाही लोखंडी कठड्यातून आयताकृती तळे, त्यातली कमळाची पाने आणि भिंतीवर चढलेल्या वेली रस्त्यावरूनच दाखवता येतात.